रात्री दोन वाजता कोण उठतं?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं. आईंचं वय ८१. तीन वर्षांपासून विसरणं वाढत चाललंय. चार महिन्यांपूर्वी त्या पडल्या, खुब्याचं ऑपरेशन झालं, आता वॉकर धरून आणि कुणी सोबत असेल तरच चालतात. रात्री तीन-चारदा उठतात, कधी अंथरूण ओलं होतं, कधी कडी काढून बाहेर जायला निघतात. हे सगळं तुम्ही नोकरी सांभाळून एकट्या करता. भाऊ परदेशी असतो, पैसे पाठवतो. ‘तुला कधी कुठे ठेवणार नाही’ असा शब्द तुम्ही आईंना दिला होता. आता तुम्हाला तीन गोष्टी हव्या आहेत: वेळ आली आहे का, आली असेल तर जागा कशी पारखायची, आणि आईंना सांगायचं कसं.

मी परिचारिका म्हणून सुरुवात केली, नंतर बरीच वर्षं वृद्धांच्या निवासी केंद्रांत प्रमुख म्हणून काम केलं, आणि आता याच निर्णयापाशी अडलेल्या घरांना मदत करते. कुणीही आलं की मी आधी एकच विचारते: तुमच्याकडे रात्री दोन वाजता काय होतं? दिवसाचं काहीतरी जमवता येतं. शेजारी असतात, कामाला बाई मिळते, ऑफिसातून फोन करता येतो. रात्री घरातलं जे माणूस उठतं, त्याच्यावरच सगळा भार असतो, आणि ते कोलमडलं की घरची देखभाल तिथेच संपते. केंद्र निवडतानाही हाच प्रश्न उपयोगी पडतो, म्हणून तो शेवटपर्यंत सोबत ठेवा.

पण त्याआधी एक. आईंची आजची अवस्था ही त्यांची कायमची अवस्था आहे, असं इतक्यात धरू नका. खुब्याच्या ऑपरेशननंतर म्हाताऱ्या माणसांना डिलिरियम होणं फार नेहमीचं आहे. माणूस भलतंच बोलतं, रात्री जागतं, दिवसा पेंगतं, ओळखीच्यांना ओळखत नाही. ते ओसरायला कधी काही आठवडे लागतात, कधी काही महिने. आधीच डिमेन्शिया, म्हणजे वाढत जाणारा स्मृतिभ्रंश, असेल तर वेळ जास्त लागतो, आणि सगळंच भरून येतं असंही नाही. पण हॉस्पिटलमधून डिस्चार्जच्या दिवशी घाईघाईत कायमची जागा पक्की केलेली आणि तीन महिन्यांनी ‘अहो, ही तर बरीच सुधारली’ म्हणून हळहळणारी घरं मी पुष्कळ पाहिली आहेत. तुमचे चार महिने होऊन गेलेत, हे बरं आहे. आता नीट तपासणी करून घ्या.

डॉक्टरांकडे जाताना औषधांच्या सगळ्या पट्ट्या पिशवीत भरून न्या. यादी नेऊ नका, पट्ट्याच न्या, कारण यादीत नसलेलं काहीतरी घरात हमखास असतं. झोपेच्या गोळ्या, काही अ‍ॅलर्जीच्या गोळ्या, लघवी थांबवण्यासाठी दिलेल्या काही गोळ्या स्मृती आणखी अंधुक करतात आणि तोल घालवतात. मार्क बीअर्स या डॉक्टरांनी १९९१ साली वृद्धांना शक्यतो देऊ नयेत अशा औषधांची यादी केली, तीही मुळात नर्सिंग होममधल्या रहिवाशांसाठी. पुढे ती वाढत, सुधारत गेली आणि आज सगळीकडचे वृद्धरोगतज्ज्ञ ती वापरतात. लघवीचा जंतुसंसर्ग, बद्धकोष्ठ, रक्तातलं सोडियम, थायरॉइड, बी-१२, डोळ्यातला मोतीबिंदू, कानातला मळ आणि उदासी, एवढं पाहून घ्या. कानातला मळ वाचून तुम्हाला हसू येईल, पण ऐकू येत नसल्यामुळे ‘काही कळत नाही’ असा शिक्का बसलेली माणसं मी पाहिली आहेत. या सगळ्यातून आईंच्या रात्रीच्या चार फेऱ्यांच्या दोन झाल्या, तरी तुमच्यापुढचा प्रश्नच वेगळा होतो.

मग गरज मोजा. इथे लोक घाई करतात आणि थेट जागा पाहायला निघतात. एक वही करा आणि सात दिवस, चोवीस तास, जे घडलं ते वेळ घालून लिहा. सिडनी कॅट्झ या डॉक्टरांनी १९६३ साली सहा साध्या गोष्टी सांगितल्या, त्या अजून मोडीत निघालेल्या नाहीत: आंघोळ, कपडे घालणं, शौचाला जाणं, पलंगावरून उठून खुर्चीत बसणं, मलमूत्रावर ताबा, आणि हाताने जेवणं. प्रत्येकीपुढे लिहा, की आई स्वतः करतात, कुणी शेजारी उभं राहिलं तर करतात, की कुणालातरी करावं लागतं. ‘शेजारी उभं राहणं’ आणि ‘करणं’ यांत खूप अंतर आहे, मनुष्यबळाचंही आणि पैशांचंही. आणखी एक लिहा: उठवायला एक माणूस पुरतं की दोन लागतात. दोन लागत असतील तर घरी एकटीने करणं तुमच्या पाठीला आणि आईंच्या हाडांना, दोन्हींना धोक्याचं आहे. रात्रीचं पान वेगळं ठेवा. किती वाजता उठल्या, कशासाठी, तुम्हाला परत झोप लागायला किती वेळ लागला.

ही वही तीन ठिकाणी उपयोगी पडते. डॉक्टर ती पाहून औषधं बदलू शकतात. भावाला ती पाठवता येते, आणि फोनवर ‘खूप होतंय रे’ म्हणून जे पोचत नाही ते ‘१.१०, २.४५, ४.०५’ एवढ्या तीन आकड्यांनी पोचतं. आणि केंद्राला ती दाखवली की त्यांना खरं उत्तर द्यावं लागतं.

वेळ आली आहे का, हे मी कुणालाही परस्पर सांगत नाही, पण काही खुणा मी गांभीर्याने घेते. रात्रीची झोप सलग काही आठवडे मोडलेली असणं. घरात कुणी नसताना आईंना अर्धा तासही एकटं ठेवता न येणं. आणि तिसरी खूण माणसं लपवतात, म्हणून मी ती उघड विचारते: तुमचा आवाज आईंवर चढायला लागलाय का? हात उगारावासा वाटलाय का? असं वाटणारी मुलगी वाईट नसते, ती पार थकलेली असते. पण तिथे थांबायलाच हवं, त्यात तुमचं आणि त्यांचं दोघींचंही रक्षण आहे. काळजी घेणाऱ्यावरचा भार मोजण्यासाठी स्टीव्हन झारिट यांची १९८० सालची प्रश्नावली आहे. आज सहसा तिची २२ प्रश्नांची आवृत्ती वापरतात. डॉक्टरांकडे किंवा समाजसेवकाकडे मागा आणि प्रामाणिकपणे भरा.

मधले मार्गही करून पाहा. फक्त रात्रपाळीला बाई ठेवणं, आठवड्यातले काही दिवस डे-केअर, किंवा दोन आठवडे केंद्रात तात्पुरतं राहणं. हा शेवटचा मार्ग मला सगळ्यांत आवडतो, कारण तुम्हाला झोप मिळते आणि ती जागा आतून दिसते. पण त्या दोन आठवड्यांत पहिले दिवस खोटे असतात. सुरुवातीला आई गप्प गप्प असतील किंवा फार चिडतील. त्यावरून निष्कर्ष काढू नका.

दिलेल्या शब्दाबद्दल बोलते, कारण तुमचा सगळा प्रश्न त्या एका ओळीपाशी अडलेला दिसतो. तो शब्द तुम्ही दिलात तेव्हा आई चालत-फिरत होत्या आणि तुम्ही रात्रभर झोपत होतात. त्या काय मागत होत्या? मी ज्या ज्या म्हाताऱ्या माणसांशी याबद्दल बोलले, त्यांना भीती वाटत होती ती टाकून दिलं जाण्याची, कुणी न येण्याची, परक्या हातांनी ओढाताण होण्याची. तेवढा शब्द तुम्हाला अजूनही पाळता येईल. पत्ता बदलला तरी पाळता येईल. कसा, ते पुढे सांगते.

आता जागा. ‘वृद्धाश्रम’ या एका शब्दाखाली आपण फार वेगवेगळ्या गोष्टी कोंबतो. जिथे माणसं आपापली राहतात आणि जेवण-साफसफाई केंद्र बघतं ती एक. जिथे आंघोळ, कपडे, औषधं यांना मदत मिळते ती दुसरी. जिथे चोवीस तास प्रशिक्षित परिचारिका असते, नाकातली नळी, कॅथेटर, जखमा, इंजेक्शनं सांभाळली जातात ती तिसरी. आणि डिमेन्शिया असलेल्यांसाठी वेगळा विभाग, जिथे भटकता येतं पण रस्त्यावर जाता येत नाही, ती चौथी. तुमच्या आईंना आज दुसऱ्या आणि चौथ्याच्या मधलं काहीतरी लागेल. दोन वर्षांनी कदाचित तिसरं. म्हणून पहिल्याच भेटीत विचारा: कोणती अवस्था आली की तुम्ही माणूस ठेवत नाही? अंथरुणाला खिळल्यावर ठेवता? नळी लागली तर? रात्री ओरडत असेल तर? शेवटचे दिवस इथे काढू देता, की दर वेळी अ‍ॅम्ब्युलन्सने हॉस्पिटलला पाठवता? उत्तर लेखी घ्या. ‘आम्ही सगळं बघतो’ म्हणणारी आणि आठ महिन्यांनी ‘आता आम्हाला जमणार नाही, घेऊन जा’ म्हणणारी जागा फार त्रास देते. म्हातारपणी दुसऱ्यांदा घर हलवणं पहिल्यापेक्षा कठीण जातं.

पाहायला किमान दोनदा जा. एकदा ठरवून, एकदा न सांगता. दुसऱ्यांदा जाल ते संध्याकाळी सात नंतर किंवा सुट्टीच्या दिवशी जा. दारावरून परत पाठवलं, तर तेही एक उत्तरच आहे. रंगकाम, बाग, टीव्हीचा आकार यांकडे मी पाहत नाही. मी तिथे बसलेल्या माणसांकडे पाहते. नखं कापलेली आहेत का. चष्म्याच्या काचा पुसलेल्या आहेत का. कानातलं यंत्र कानात आहे की कपाटात. पाण्याचा पेला हाताच्या अंतरावर आहे की खोलीच्या दुसऱ्या टोकाला. भरवणारी बाई बसून भरवते की उभ्याने. उभ्याने भरवलं की म्हाताऱ्या माणसाची मान वर होते आणि तशा मानेने घास श्वासनलिकेत जाण्याची भीती वाढते. कुणी आत येताना दारावर टकटक करतं का. कपडे बदलताना पडदा ओढतात का. आणि हाक कशी मारतात: नावाने, नात्याने, की ‘ए चार नंबर’? वासाचंही सांगते. एखाद्या खोलीत लघवीचा वास येणं म्हणजे आत्ताच काहीतरी झालंय. सगळ्या इमारतीला, सगळ्या वेळी वास येणं म्हणजे माणसं कमी आहेत. फिनेलचा फार उग्र वास आला तर मी परत एकदा, वेगळ्या वेळी जाते.

मग प्रमुखांसमोर बसा आणि आपला तो प्रश्न विचारा. रात्री दोन वाजता या मजल्यावर किती माणसं जागी असतात, आणि किती रहिवाशांसाठी? त्यांतली परिचारिका किती? घंटा वाजली की किती वेळात पोचतात? रात्रीची बाई तिथेच झोपते की जागी असते? दिवसभराचं मनुष्यबळ बहुतेक जण अभिमानाने सांगतात. रात्रीचा आकडा सांगताना आवाज बदलतो. जो प्रमुख सरळ सांगतो की ‘रात्री आमच्याकडे इतकेच आहेत, त्यामुळे वारंवार उठणारी इतकीच माणसं आम्ही घेतो’, त्याच्यावर माझा विश्वास बसतो.

आणखी थोडे आकडे मागा. गेल्या महिन्यात किती जण पडले आणि पडल्यावर काय केलं. ‘कुणीच पडलं नाही’ हे उत्तर मला खटकतं. चालणारी म्हातारी माणसं असतील तिथे कुणीतरी पडतंच. मग एकतर नोंद होत नाही, नाहीतर कुणाला चालूच देत नाहीत. सध्या किती जणांना बेडसोर, म्हणजे एकाच जागी पडून राहून झालेल्या जखमा, आहेत, आणि त्यांतले किती इथे आल्यावर झाले. स्वतःहून हलू न शकणाऱ्या माणसाची कूस दर दोन-तीन तासांनी बदलण्याचा तक्ता असतो. तो पाहायला मागा, आणि रात्रीच्या सगळ्या सह्या एकाच शाईने, एकाच हाताने, एकाच वेळी केल्यासारख्या दिसतात का ते बघा. वजन दर महिन्याला घेतात का. एका महिन्यात ५ टक्के किंवा सहा महिन्यांत १० टक्के वजन आपोआप घटलं, तर ती धोक्याची घंटा मानतात. ज्यांच्याकडे वजनाची वही नाही त्यांना ती घंटा ऐकूच येत नाही.

बांधून ठेवण्याबद्दल तर अगदी स्पष्ट विचारा. हात बांधणं, खुर्चीला पट्टा लावणं, पलंगाचे कठडे रात्रभर वर ठेवणं, हे ‘सुरक्षेसाठी’ केलं जातं. गोंधळलेलं माणूस कठड्यावरून चढून उतरायला जातं आणि जास्त उंचीवरून पडतं, कधी मध्येच अडकतं. अमेरिकेत १९८७ च्या कायद्याने नर्सिंग होमच्या रहिवाशांना कर्मचाऱ्यांच्या सोयीसाठी बांधून न ठेवलं जाण्याचा हक्क दिला, आणि बांधल्याशिवायही केंद्रं चालतात हे तिथे दिसलं. पलंग अगदी खाली नेणं, बाजूला गादी टाकणं, आणि झोपण्याआधी शौचाला नेऊन आणणं यानेच पुष्कळ काम होतं. गोळीने बांधणंही असतं. डिमेन्शियामध्ये आरडाओरडा होतो म्हणून मानसिक आजारांवरची काही औषधं दिली जातात. या औषधांनी अशा वृद्धांमध्ये मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ साली दिला. कधीकधी ती लागतात, मी नाही म्हणत नाही. पण तुम्हाला विचारल्याशिवाय सुरू करणार नाही आणि दर काही आठवड्यांनी कमी करून पाहू, असं केंद्राने म्हणायला हवं.

आणि आईंना तिथे स्वतःचं काय ठरवता येईल, हेही विचारा. १९७६ साली एलेन लँगर आणि ज्युडिथ रोडिन या मानसशास्त्रज्ञांनी एका नर्सिंग होममध्ये एक प्रयोग केला. एका मजल्यावरच्या रहिवाशांना सांगितलं, की तुमच्या खोलीची मांडणी, तुमचा वेळ, हे तुमचं तुम्ही ठरवा, आणि एक रोपटं घ्या, त्याला पाणी तुम्हीच घाला. दुसऱ्या मजल्यावर रोपटं दिलं पण सांगितलं, की त्याची काळजी कर्मचारी घेतील. तीन आठवड्यांनी पहिल्या मजल्यावरची माणसं जास्त तरतरीत, जास्त वावरणारी दिसली. प्रयोग छोटा होता, पण मी जे पाहत आले त्याच्याशी तो जुळतो. आंघोळ सकाळी की संध्याकाळी, दिवा चालू की बंद, दार उघडं की लोटलेलं, एवढं ठरवता आलं तरी माणूस माणसासारखं राहतं.

पैशांचं मी लवकर सांगते, कारण त्यात गूढ काही नाही, फक्त विचारायचा संकोच असतो. महिन्याच्या रकमेत काय नाही, ते विचारा: डायपर, औषधं, फिजिओथेरपी, हॉस्पिटलला नेताना सोबतचं माणूस, जास्त देखभाल लागू लागली तर वाढणारा दर. अनामत किती, माणूस गेल्यावर किंवा सोडून गेल्यावर ती किती दिवसांत परत मिळते. हॉस्पिटलमध्ये असतानाचे दिवस मोजतात का. हिशेब एका वर्षाचा करू नका, पाच-सात वर्षांचा करा. डिमेन्शिया असलेली माणसं चांगल्या देखभालीत पुष्कळ वर्षं जगतात, आणि पैसे संपले म्हणून माणूस हलवावं लागण्यासारखं दुःख नाही. भावाला नुसती रक्कम पाठवायला सांगू नका, काम द्या. दर महिन्याचं बिल तपासणं त्याचं, ठरलेल्या वेळी आईंना व्हिडिओ कॉल त्याचा. केंद्राशी बोलणारं माणूस मात्र घरातलं एकच असू द्या. दोन भावंडांनी दोन उलट सूचना दिल्या की आईंना कुठलीच नीट मिळत नाही.

सांगायचं कसं. इथे मी स्वतः केलेली चूक सांगते. नवीन होते तेव्हा एका घराला मी सल्ला दिला होता, की ‘दोन दिवसांसाठी तपासणीला जायचंय’ असं सांगून आणा, सोपं जाईल. आणणं सोपं गेलं. त्या आजी पुढचे अकरा दिवस पिशवी भरून फाटकापाशी उभ्या राहायच्या, कारण दोन दिवस होऊन गेले होते. मुलगा आला की तोंड फिरवायच्या. आमच्यातल्या कुणीही काही सांगितलं तरी त्यांचा विश्वास बसेना, आणि तो बसायला कारणही नव्हतं. त्यानंतर मी तो सल्ला कुणालाही दिला नाही.

आईंना कितपत कळतं, ते आधी पाहा. विसरणं म्हणजे काहीच न कळणं नव्हे. माणसाला बँकेचा व्यवहार झेपत नसेल, पण आपल्याला कुठे राहायला आवडेल, कोण जवळ हवं, हे नीट सांगता येतं. क्षमता त्या-त्या निर्णयापुरती पाहायची असते. सकाळी, झोप झालेली असताना, चष्मा आणि कानातलं यंत्र लावून, एकेका छोट्या वाक्यात बोला. ‘आई, रात्री तू उठतेस तेव्हा मला भीती वाटते की तू पडशील. मी रात्री जागू शकत नाही, मी आजारी पडायला लागलेय. मला तुझी मदत हवी आहे.’ हे खरं आहे, आणि आईपणाला हाक मारणारं आहे. त्या नाही म्हणतील. लगेच पटवायला जाऊ नका. दोन जागा दाखवायला न्या, दुपारी तास-दीड तास बसा, त्यांना काय खटकलं ते ऐका. त्यांना खटकलेली गोष्ट बहुधा खरीच असते.

उद्या त्या हे बोलणं विसरतील आणि परत विचारतील, तेव्हा तेच वाक्य, त्याच शब्दांत सांगा. वाद घालू नका, ‘काल सांगितलं ना’ म्हणू नका. केंद्रात गेल्यावर ‘मला घरी जायचंय’ हे तुम्ही शंभरदा ऐकाल. कधी ते खरंच त्या घराबद्दल असतं, कधी लहानपणच्या घराबद्दल, कधी त्याचा अर्थ एवढाच असतो की इथे मला एकटं वाटतंय, किंवा लघवी लागली आहे. ‘घरी कोण कोण असायचं, सांग ना’ असं म्हणून शेजारी बसलं, की पुष्कळदा मन निवतं. आधी शौचाला मात्र नेऊन आणा.

जाण्याआधी एक काम तुमच्याशिवाय कुणालाच करता येणार नाही. एका कागदावर, मोठ्या अक्षरांत, आई कोण आहेत ते लिहा. त्यांना काय म्हणून हाक मारलेली आवडते. आयुष्यभर काय काम केलं. कोणत्या कुशीवर झोपतात, किती वाजता, दिवा लागतो का. कशाला घाबरतात. डोक्यावरून पाणी घेतलेलं चालतं का. राग येण्याआधी काय करतात. आणि दुखतं तेव्हा कशा वागतात, हे सगळ्यांत महत्त्वाचं, कारण डिमेन्शिया वाढला की माणूस ‘दुखतंय’ म्हणत नाही. कपाळाला आठी, श्वास जोरात, कण्हणं, हात घट्ट मिटलेले, समजूत घालूनही शांत न होणं, या पाच गोष्टींवरून दुखणं ओळखायची पद्धत २००३ सालापासून वापरात आहे. पण तुमच्या आई पदराचं टोक चावतात की पाय हलवत बसतात, हे कुठल्याच पद्धतीत लिहिलेलं नसतं. तो कागद पलंगाशेजारी लावायला सांगा, आणि रात्रीच्या बाईला तो स्वतः वाचून दाखवा.

सामानात त्यांची स्वतःची उशी आणि पांघरूण, मोठ्या आकड्यांचं घड्याळ, दोन-तीन फोटो ज्यांखाली नावं लिहिलेली आहेत. कपड्यांवर नाव. कवळीवरही नाव, कारण केंद्रांमध्ये कवळी पुष्कळदा हरवते, आणि ती गेली की खाणं बदलतं, वजन उतरतं. डेंटिस्टकडून नाव कोरून घेता येतं. सोनं घरीच ठेवा. घरी त्या पलंगाच्या ज्या बाजूने उतरतात, तिथेही तीच बाजू मोकळी ठेवायला सांगा. नव्या जागेतले पहिले आठवडे पडण्याच्या दृष्टीने फार जपायचे असतात, आणि माणूस रात्री सवयीच्या बाजूलाच पाय टाकतं.

काही केंद्रं सांगतात, पहिले पंधरा दिवस येऊ नका, म्हणजे रुळतील. मला हे मान्य नाही. टाकून दिल्याची भीती असलेल्या माणसाला पंधरा दिवस कुणी दिसलं नाही, तर ती भीती खरीच झाली. जा, पण थोडा वेळ, ठरलेल्या वेळी, आणि निघा ते जेवणाच्या किंवा कसल्या कार्यक्रमाच्या तोंडावर, म्हणजे त्यांचं लक्ष दुसरीकडे वळेल. दारात उभं राहून लांबवलेला निरोप दोघींनाही जड जातो. कधीमधी वेळ बदलून, रात्री उशिराही जा.

गेल्यावर डोळे उघडे ठेवा. अंगावर नवीन काळंनिळं, दिवसा न उठणारी झोप, सैल पडलेले कपडे, टाचांवर किंवा माकडहाडापाशी लालसर डाग, एखादी विशिष्ट बाई आली की आक्रसणं. पहिल्या चार गोष्टी त्याच दिवशी प्रभारी परिचारिकेला विचारा आणि लेखी द्या: तारीख, वेळ, काय दिसलं. पाचवी सरळ प्रमुखांना सांगा, आणि समाधानकारक उत्तर मिळेपर्यंत आईंना त्या बाईच्या हाती देऊ नका. बाकी तक्रार करताना आवाज समोरच्या आयाबाईंवर चढवू नका. बहुतेक वेळा त्या एकट्या दहा जणांचं करत असतात, आणि चूक माणसं कमी ठेवणाऱ्याची असते. त्यांची नावं पाठ करा, त्यांच्या मुलांची विचारपूस करा. तुमच्या पाठीमागे रात्री दोन वाजता आईंना उठवणारे हात त्यांचे आहेत.

घरी आल्यावर पहिल्या रात्री तुम्हाला झोप लागणार नाही. तीन-चारला जाग येईल, कान दाराच्या कडीकडे लागलेले असतील. सगळ्यांना असं होतं, आठवडे जातात. काहींना सुटल्यासारखं वाटतं आणि मग त्याचीच लाज वाटते. त्या सुटकेतून मिळालेला वेळ आईंशेजारी नुसतं बसायला वापरा, कारण इतके दिवस तुम्ही त्यांचे कपडे बदलत होतात, चादरी धूत होतात, आणि त्यांच्याशी बोलायचं राहून जात होतं. केसांना तेल लावा, हात हातात घ्या, जुने फोटो काढा. तुम्ही दिलेला शब्द पाळायचा तो असाच.

आज रात्रीपासून वही सुरू करा. उशापाशी पेन ठेवा, पहिल्या पानावर तारीख घाला, आणि आई उठल्या की फक्त वेळ लिहा, बाकीचं सकाळी भरता येईल. सात पानं झाली की डॉक्टरांची वेळ घ्या, आणि त्याच दिवशी ती सात पानं भावाला पाठवा.